घरचें दप्तर कोणत्या पेटींत ठेवावें?

मुळशीच्या पावसाळ्याशीं ज्यांचा परिचय नाहीं, त्यांस पुढील हकीकतींतलें निम्में मर्म कळावयाचें नाहीं; म्हणून आरंभीं त्याविषयीं दोन शब्द. ज्येष्ठ सरतां सरतां ताम्हिणीच्या बाजूनें ढग उतरूं लागले कीं भाद्रपद संपेपर्यंत ते हलण्याचें नांव घेत नाहींत. भिंतींना ओल येते, पितळेचीं भांडीं काळवंडतात, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढते आणि वीज गेली तर ती केव्हां येईल हें सांगण्याचें धाडस कोणी करीत नाहीं. आमच्या आजोबांचें मोडी दप्तर असल्या सत्तर-ऐंशी पावसाळ्यांतून तगलें. त्याला कडुलिंबाचा पाला, मांजरपाटाचें घट्ट बासन आणि दर दसऱ्यास अंगणांतलें ऊन, एवढेंच औषध होतें. आमच्या मातोश्रींचा आवाज मात्र आम्हीं तळहातावर मावेल अशा एका हार्ड डिस्कवर ठेवला होता. त्यानें सातवा पावसाळा पाहिला, पण पुरा केला नाहीं.

मातोश्रींचें शिक्षण मराठी चौथीपर्यंतचें; परंतु पाठांतर असें कीं संस्कृताच्या घोकंपट्टींत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांनीं कान धरावा. जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीचीं व भोंडल्याचीं गाणीं, डोहाळे, पाळणे, सारें त्यांच्या मुखांत होतें. १९९४ सालच्या मे महिन्यांत सर्व कुटुंब जमलें असतां आमच्या वडील बंधूंनीं टेपरेकॉर्डर पुढें ठेवून चार कॅसेटी भरल्या. गाणीं मोजून त्रेचाळीस. मध्येंच कुकरची शिटी, मध्येंच वहिनींचें हंसणें, आणि एके ठिकाणीं "अरे, बंद कर तें, पुढचें कडवें आठवेना" असें मातोश्रींचें वाक्य. २००३ सालीं त्या गेल्या. पुढें कॅसेटींच्या फितींना बुरशी धरूं लागली, म्हणून हिंजवडीस नोकरी करणाऱ्या आमच्या पुतण्यानें २०१५ च्या दिवाळींत तीं गाणीं संगणकांत उतरवून घेतलीं व एका हार्ड डिस्कवर ठेविलीं. मूळ कॅसेटी आम्हींच, आमच्या या हातांनीं, भंगारवाल्यास दिल्या. माळा मोकळा झाला याचें समाधानही वाटलें!

२०२२ च्या आषाढांत एके सायंकाळीं ती डिस्क संगणकास जोडली, तों आंतून घड्याळासारखा टक्-टक् आवाज येऊं लागला आणि पडद्यावर कांहींच उमटेना. पुण्यांतील एका जाणत्या कारागिराकडे ती नेली. त्यानें उघडून पाहिली व मान हलविली. डिस्कच्या पोटांत आरशासारख्या तबकड्या मिनिटास पांच हजारांहून अधिक फेरे घेत असतात. त्यांवरील मजकूर वाचणारें डोकें तबकडीस टेकत नाहीं. केसाच्या जाडीचे हजारों भाग केले तर त्यांतल्या एकाहूनही कमी अंतरावर तें तरंगत असतें. आमच्या डिस्कमध्यें तें डोकें तबकडीवर घासलें होतें. जेथें घासलें तेथला चुंबकीय लेप खरवडून निघाला, आणि लेपाबरोबर मातोश्री गेल्या. कारागिरानें पैसे घेतले नाहींत, हा त्याचा भलेपणा.

दोष डिस्क करणाराचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. त्याच डिस्कवर नातवंडांचे चित्रपट होते. ती बहुतेक वेळ टेलिव्हिजनला लटकलेली असे. वीज दिवसांतून तीनदां जाई तेव्हां तिलाही तीनदां धक्का बसे. परंतु खरी चूक याहून साधी व अधिक लाजिरवाणी होती. ज्याला आम्ही सात वर्षें मोठ्या ऐटीनें 'बॅकअप' म्हणत होतों, तो बॅकअप नव्हताच. मूळ नाहींसें केल्यावर जी एक प्रत उरते, तीच मूळ होते. आमच्याजवळ प्रत नव्हती. एकुलतें एक मूळ होतें, आणि तें आम्हीं टेलिव्हिजनला टांगलें होतें.

या गोष्टीनें आम्ही असे चटका खाऊन बसलों कीं पुढील वर्षभर हाच विषय डोक्यांत. पुतण्यास रविवारीं पकडून प्रश्न विचारावे, वाचावें, टिपणें करावीं. त्या टिपणांचा उपयोग आमच्या वाचकांस व्हावा एवढाच येथें हेतु आहे. कारण आजमितीस असें घर विरळा, कीं ज्याचे लग्नमुंजींचे फोटो, वडिलांचीं पत्रें, जमिनीचे उतारे, मुलांचीं बोबडीं बोलणीं कोठल्या तरी डबींत विजेच्या रूपानें कोंडलेलीं नाहींत.

प्रथम दप्तर केवढें तें मोजावें. डिस्कचें माप टेरॅबाइटांत सांगतात. मोबाइलमधला एक फोटो सुमारें ४ मेगाबाइटचा धरिला, तर १ टेरॅबाइटांत अडीच लक्ष फोटो राहतात. मातोश्रींच्या चार तासांच्या गाण्यांस, कांहीं एक कसर न करितां, अडीच गिगाबाइट पुरे होते. म्हणजे १ टेरॅबाइटांत असल्या चारशें मातोश्री सुखानें नांदत्या. जागा खाते ती चलच्चित्रांनीं. यास्तव ज्यांच्या घरीं प्रत्येक वाढदिवसाचें तासतासभर चित्रण होतें त्यांनीं ४ टेरॅबाइटची, इतरांनीं १ किंवा २ टेरॅबाइटची डिस्क घ्यावी. त्याहून मोठीच्या मोहांत पडूं नये. (घरीं आणल्यावर १ टेरॅबाइटची डिस्क संगणकांत ९३१ च गिगाबाइट दाखविते, तेव्हां दुकानदाराशीं भांडावयास जाऊं नका. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो, विंडोज एक हजार चोवीसच्या पटीनें मोजतें. माल तेवढाच आहे.) १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें जगांतली पहिली हार्ड डिस्क विकावयास काढली, तींत दोन दोन फूट रुंदीच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सर्वांत मिळून सुमारें पन्नास लक्ष अक्षरें मावत. आजच्या हिशेबानें एखाद-दुसरा फोटो.

आतां पेटीची निवड. दुकानदार हल्लीं सर्वांस एस.एस.डी. घ्या म्हणून सांगतो. ती वेगवान आहे, पडली तरी सहसा फुटत नाहीं, आंत फिरणारें कांहीं नाहीं; संगणकांत रोजच्या कामास तिच्यासारखें दुसरें साधन नाहीं हें आम्हीही मान्य करतों. परंतु कपाटांत वर्षानुवर्षें ठेवून देण्याच्या कामीं ती खोटी पडते. तिच्यांत सूक्ष्म कोठ्या असतात व प्रत्येक कोठींत विजेचा भार कोंडलेला असतो. भार किती आहे यावरून अक्षर ओळखावयाचें. पूर्वीं एका कोठींत भरलेली व रिकामी अशा दोनच अवस्था ओळखाव्या लागत. स्वस्ताईसाठीं आतां आठ, कांहीं जातींत सोळा, पायऱ्या ओळखाव्या लागतात. भार हळूहळू झिरपतो, उन्हाळ्यांत अधिक झिरपतो, आणि पायऱ्या जितक्या दाट तितकें एकीचें दुसरींत मिसळणें सोपें. या धंद्याचीं मानकें ठरविणाऱ्या जेडेक नांवाच्या संस्थेनें घरगुती एस.एस.डी.साठीं जी अट घातली आहे ती ऐकण्याजोगी आहे: लिहिण्याचें ठरलेलें आयुष्य पुरें झालेल्या एस.एस.डी.नें विजेवांचून, ३० अंश उष्णतेंत, एक वर्ष मजकूर राखला पाहिजे. एकच वर्ष! नवी कोरी याहून पुष्कळ अधिक काळ राखील यांत शंका नाहीं. पण ती कधीं विसरेल हें तिच्या तोंडाकडे पाहून कळत नाहीं. पेनड्राइव्ह व मोबाइलांतलीं कार्डें हीं याच कुळांतलीं धाकटीं भावंडें, आणि बहुधा हलक्या प्रतीच्या कोठ्यांचीं. बाजारांत तर अशीही कार्डें मिळतात कीं ज्यांवर मोठा आंकडा छापलेला, आंत जागा चतकोर. भरतांना सर्व गेलेंसें वाटतें, काढावयास जावें तों पुढला मजकूर कोठेंच नाहीं.

म्हणून कपाटांत ठेवण्यासाठीं आम्ही अजून तबकड्यांच्या हार्ड डिस्कच्याच पक्षाचे आहों, एकीनें दगा दिला असतांही. चुंबकानें लिहिलेलें अक्षर विजेवांचून वर्षानुवर्षें राहतें. दगा देतें तें यंत्र, अक्षर नव्हे. आणि यंत्रानें दगा देण्याचें प्रमाणही अज्ञात नाहीं. बॅकब्लेझ नांवाची एक अमेरिकन कंपनी लाखों डिस्का चालविते व २०१३ पासून त्यांच्या मृत्यूची नोंद जगापुढें ठेवीत आली आहे. वर्षास शेंकडा एक ते दोन, असें तें प्रमाण अलीकडच्या वर्षांत पडतें. हें ऐकून वाचक म्हणतील, मग भय कसलें? आम्ही म्हणतों, ज्या घरांत एकच डिस्क आहे त्या घरास शेंकड्याचा हिशेब लागू नाहीं. तेथें एक तरी शून्य, नाहीं तर सर्वस्व. शिवाय त्या डिस्का थंड, कोरड्या, अखंड विजेच्या दालनांत राहतात. पौड-मुळशीचा आषाढ त्यांनीं पाहिलेला नाहीं.

हार्ड डिस्क घेतांना एक पोटभेद ध्यानांत असावा. कांहीं डिस्कांत लिहिण्याच्या रांगा एकमेकींस न लागतां असतात. कांहींत त्या घराच्या कौलांप्रमाणें एकीवर एक थोडी चढविलेल्या असतात. कौलारू घरांत राहिलेल्यांस याचा परिणाम सांगावयास नको: मधलें एक कौल बदलावयाचें तर त्यावरचीं कौलें उचलावीं लागतात. तशी ही डिस्क पुनः पुनः खोडून लिहिण्यास मंद असते. मोठमोठ्या कंपन्यांनीं हा प्रकार गिऱ्हाइकास न सांगतां विकल्याचें २०२० सालीं उघडकीस आलें व बरीच ओरड झाली. परंतु आपण एकदां भरून कपाटांत ठेवणार. आपणांस कौलारू डिस्क चालते. हमीच्या मुदतीसही भुलूं नये. तीन वर्षांची हमी म्हणजे तीन वर्षांत बिघडल्यास नवी रिकामी डिस्क मिळेल एवढेंच. आंतला मजकूर परत देण्याची हमी त्या कागदावर कोठेंही नसते.

बाकीच्या साधनांचा उल्लेख थोडक्यांत करितों. घरीं लिहितां येणाऱ्या सी.डी. व डी.व्ही.डी. यांत सामान्यतः सेंद्रिय रंगाचा थर असतो. ऊन व ओल दोन्ही त्यास मानवत नाहींत. एम-डिस्क म्हणून एक टिकाऊ जात निघाली, तिचा थर असेंद्रिय आहे. पण ती वाचणारें यंत्र नव्या लॅपटॉपांतून नाहींसेंच झालें आहे. मोठ्या कचेऱ्या अजून चुंबकीय फितीच वापरतात. फीत तीस वर्षें टिकावी अशा बेतानें केलेली असते व ती स्वस्त पडते. परंतु तिचें यंत्र घेण्यास लाखांची थैली लागते, तेव्हां तो मार्ग आपला नव्हे. उरलें क्लाउड, म्हणजे परक्याच्या वाड्यांत भाड्याची खोली. सोय उत्तम, आम्हीही एक प्रत तेथें ठेविली आहे. परंतु भाडें भरणारा निवर्तला कीं खोलीस कुलूप. गूगलनें २०२३ सालीं जाहीर केलेल्या नियमाप्रमाणें दोन वर्षें न वापरलेलें खासगी खातें, त्यांतील फोटोंसह, काढून टाकलें जाऊं शकतें. ज्या घरांत मोबाइलचें सर्व ज्ञान एकट्या कर्त्या पुरुषापाशीं, त्या घरानें हें वाक्य दोनदां वाचावें.

एवढ्या शोधानंतर आमच्या ध्यानांत आलें तें हें कीं आम्ही प्रश्नच चुकीचा विचारीत होतों. 'कोणती पेटी शंभर वर्षें टिकेल?' या प्रश्नास उत्तर नाहीं. अशी पेटी कोणी केलेलीच नाहीं. आणि नवल असें कीं ज्या विद्येंत आमचा जन्म गेला तींत याचें उत्तर पूर्वींपासून होतें. वेद कोणत्या पेटींत राहिले? हजारों मुखांत. केवळ मुखांतही नव्हे. पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशा निरनिराळ्या रीतींनीं तींच पदें उलटसुलट म्हणावयाचीं, कीं एका पाठांत चूक शिरली तर दुसऱ्याशीं ताडतांना ती उघडी पडावी. पुतण्यास घनपाठ समजावून सांगितला तेव्हां तो हंसून म्हणाला, "काका, हें तर आमचें चेकसम." संगणकांत प्रत्येक फाइलीच्या सर्व अक्षरांवरून एक लांब आंकडा काढतां येतो, मजकुरांतलें एक अक्षर बदललें तरी आंकडा बदलतो, दोन प्रतींचे आंकडे जुळले म्हणजे प्रती जुळल्या. परंतु याची दुसरी बाजूही आम्ही त्यास सांगितल्यावांचून राहिलों नाहीं. पतंजलींनीं ऋग्वेदाच्या एकवीस शाखा सांगितल्या आहेत. आज मुख्यतः शाकल शाखाच ऐकूं येते. ज्या शाखेचे म्हणणारे थोडे, आणि एका प्रांतीं गोळा झालेले, ती शाखा त्यांच्याबरोबर गेली. पाठ अशुद्ध झाला म्हणून गेली असें नव्हे. प्रती पुरेशा घरीं नव्हत्या.

आमच्या तालुक्यांतलेंच याहून जवळचें उदाहरण आहे, आणि तें आम्हांस आमच्या नुकसानीनंतर कळावें याचें वाईट वाटतें. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ या दोघां अभ्यासकांनीं मावळ-मुळशीच्या डोंगरांतल्या खेड्यांपासून आरंभ करून महाराष्ट्रभर हिंडून बायकांच्या मुखांतल्या जात्यावरच्या ओव्या उतरून घेतल्या. हजारावर गांवें आणि लक्षाहून अधिक ओव्या, असा तो संग्रह आहे. आमच्या तालुक्यांतल्या कोळवडें गांवच्या बायका त्यांत आहेत. पुढें बर्नार्ड बेल या संगीताच्या फ्रेंच अभ्यासकानें शंभर तासांहून अधिक गायन ध्वनिमुद्रित केलें व साऱ्या ओव्यांची संगणकीय सूची केली. तें ध्वनिमुद्रण एका कपाटांत राहिलें नाहीं. प्रथम हरियाणांतील गुरगांवच्या ध्वनिसंग्रहालयांत, तेथून फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स येथील भांडारांत, आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर सर्वांस ऐकावयास, असा त्याचा प्रवास झाला. पॉइत्वाँ २००४ मध्यें व हेमाताई २०१० मध्यें गेल्या, ओव्या राहिल्या. कोळवड्याच्या ज्या बाईस अक्षरओळखही नसेल तिचा आवाज फ्रान्सांत सुरक्षित आहे, आणि आम्ही मास्तर, पुस्तकी, घरांत इंजिनियर पुतण्या असलेले, मातोश्रींचा आवाज माळ्याखालीं घालवून बसलों! जात्यांचें कोळवडें आणि संगणकांचें हिंजवडी एकाच मुळशी तालुक्यांत आहेत. दोहोंमधल्या रस्त्यावर राहून आम्हांस दोहोंकडूनही कांहीं शिकतां आलें नाहीं.

प्रत दुसऱ्या घरीं असण्याची थोरवी सांगणारी एक विलायती गोष्टही पुतण्यानें सांगितली. १९९८ सालीं अमेरिकेंत 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असतां एका चुकीच्या आज्ञेनें बहुतेक काम पुसलें गेलें, आणि बॅकअपची व्यवस्था कित्येक दिवस बिघडलेली होती हें त्याच वेळीं कळलें. चित्रपट वांचला तो एका बाईंमुळें. तान्ह्या मुलासाठीं त्या घरून काम करीत, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक गोधड्यांत गुंडाळून, गाडींत मुलासारखा जपून, कचेरींत आणला म्हणतात.

पीटर क्रोग नांवाच्या अमेरिकन छायाचित्रकारानें लोकप्रिय केलेला एक नियम यासाठीं सांगतात: प्रती तीन, साधनें दोन जातींचीं, आणि एक प्रत दुसऱ्या घरीं. आमच्या घरांतल्या स्त्रियांस हा नियम समजावून सांगण्याची गरज पडली नाहीं. वर्षाचें लोणचें कोणती सुगृहिणी एका बरणींत भरते? एका बरणीस हात ओला लागला तरी दुसरी शाबूत राहावी, आणि एक बरणी लेकीच्या घरीं जावी, ही रीत त्या नियमाहून जुनी आहे. म्हणून एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षां दोन मध्यम घ्याव्या. त्याही एका कंपनीच्या, एका खेपेच्या नकोत, कारण एकाच भट्टींतल्या विटांना एकच दोष असावयाचा. भरून झाल्यावर संगणकापासून सोडवून ठेवाव्या. सदैव जोडलेली डिस्क विजेच्या धक्क्यांत सांपडते, आणि हल्लींचे खंडणीखोर विषाणू संगणकांत शिरले तर जोडलेल्या डिस्कलाही कुलूप लावतात. ठेवण्यास घट्ट झांकणाचा डबा, आंत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या; पुड्या दर वर्षीं बदलाव्या. डबा जमिनीवर, खिडकीशीं किंवा देव्हाऱ्याच्या समईजवळ नको.

मुळशीकरांस पाण्याचें भय निराळें सांगावयास नको. १९२१ सालच्या सत्याग्रहाच्या आठवणी येथें अजून घरोघरीं आहेत, आणि धरणाखालीं गेलेल्या गांवांचीं नांवें म्हातारीं माणसें अजून घेतात. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां मुठेकाठच्या पेठांतून भांड्यांबरोबर दप्तरेंही वाहून गेलीं. ज्याच्या दोन्ही प्रती एकाच वाड्यांत होत्या त्यास दोन प्रतींचा उपयोग तो काय झाला असेल?

एक गोष्ट मात्र डिस्क विकणारा कधींच सांगत नाहीं. आमच्या आजोबांचें दप्तर तगलें असें वर म्हटलें, तें अर्धेंच खरें आहे. कागद तगला, वाचणारा गेला. १९५० च्या सुमारास शाळांतून मोडी गेली आणि आज आमच्या घरांत तें दप्तर सलग वाचील असा एकही माणूस नाहीं; आम्ही स्वतः अडखळत एखादी ओळ लावतों. संगणकांतही असली मोडी निर्माण होत असते. १९९० नंतरच्या काळांत आम्हीं शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक मोठ्या कष्टानें संगणकावर टंकून घेतला. ती फाइल जशीच्या तशी आहे, परंतु त्या काळचा विशिष्ट टंक नसल्यामुळें उघडली असतां इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणून मराठी मजकूर युनिकोडमध्येंच असावा. फोटो जेपेगमध्यें, कागदपत्रें पी.डी.एफ.मध्यें, आवाज साध्या डब्ल्यू.ए.व्ही. फाइलींत ठेवावा. जो प्रकार पुष्कळ जण वापरतात त्याचे वाचणारे पुष्कळ काळ राहतात. फाइलीस नांव देतांना '१' आणि 'नवीन' अशीं नांवें देऊं नयेत. कोण, कोठें, कोणत्या सालीं हें नांवांतच असावें. आणि डिस्कला परवलीचा शब्द घातलाच, तर तो घरांतल्या दुसऱ्या एका माणसास ठाऊक असलाच पाहिजे.

आतां आमच्या घरीं काय केलें तें सांगून हा लेख पुरा करितों. निरनिराळ्या कंपन्यांच्या, दोन-दोन टेरॅबाइटच्या दोन हार्ड डिस्का घेतल्या. एक आमच्या कपाटांत, दुसरी इंदुरास आमच्या धाकट्या भगिनीकडे. तिसरी प्रत पुतण्याच्या क्लाउडमध्यें. सोन्यानाण्याच्या पेटीवर नसेल इतकें ठळक लेबल डब्यावर लावलें आहे: घेतल्याचें वर्ष, आंत काय आहे, शेवटीं केव्हां तपासली. पांच वर्षें झालीं कीं, चालत असली तरी, नवी घेऊन मजकूर तिच्यावर उतरावयाचा. जुनी नातवंडांच्या चित्रपटांस द्यावयाची. तपासणीस दिवस खंडेनवमीचा धरिला आहे. पाऊस ओसरलेला असतो, त्या दिवशीं घरांतलीं हत्यारें निघतात, दुसऱ्या दिवशीं पाटीपूजन. दप्तर बाहेर काढण्यास याहून चांगला मुहूर्त कोणता? डिस्क जोडून, दहा-पांच फाइली उघडून, आंकडे जुळतात कीं नाहीं हें आमची मधली नात पाहते. हें काम आम्हीं मुद्दाम तिच्याकडे सोंपविलें आहे. मुलांकडे मोबाइल बिघडविण्याचें खातें आहे.

इंदुरचें नांव वर आलें, त्यास कारण आहे. २०२२ मध्यें सर्व गेल्याची बातमी भगिनीस फोनवर सांगितली तेव्हां ती क्षणभर गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "दादा, पुतण्यानें मला त्या भाऊबीजेला एक सी.डी. करून दिली होती, ट्रंकेंत आहे. लागते कीं नाहीं, पाहिलें नाहीं." लागली. तिजवर अकरा गाणीं होतीं. तिनें स्वतः निवडून घेतलेलीं, बहुतेक भोंडल्याचीं, ओव्या दोनच. त्रेचाळिसांपैकीं बत्तीस गेलीं तीं गेलीं. 'अरे, बंद कर तें' हें वाक्य या अकरांत नाहीं. वहिनींचें हंसणें मात्र दोन ठिकाणीं आहे, आणि कुकरची शिटीही आहे. गेल्या खंडेनवमीस नातीनें तीं अकरा गाणीं तिन्ही प्रतींत लावून पाहिलीं. अकराच्या अकरा लागलीं. नंतर डब्यांतल्या पुड्या बदलल्या, लेबलावर तारीख घातली, आणि दिवाळींत इंदुरास कोण जाणार याचा विचार सुरू झाला, कारण तिकडच्या डिस्कला पांचवें वर्ष लागत आलें आहे.